देवस्थळींचा शिक्का

एदोगावातल्या निम्म्या मराठी घरांच्या भाडेकरारावर एकाच माणसाचा शिक्का आहे आणि तो माणूस मला आवडत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मला कुणी निष्पक्ष वगैरे समजायला नको.

रविकांत देवस्थळी. आमच्याच इमारतीत, आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर राहतात. जपानमध्ये भाड्याने घर घ्यायचं तर होशोनिन लागतो, म्हणजे जामीनदार. भाडं थकलं तर मी भरीन असं लिहून देणारा. पुण्याहून कंत्राटावर आलेल्या पोराला असा माणूस कुठून मिळणार? त्याला देवस्थळी मिळतात. स्वतःचा फ्लॅट, जपानी पासपोर्ट, तीस वर्षांची नोकरी. घरमालकाला आणखी काय हवं! खिशातून कातडी पाकीट काढायचं, त्यातून बोटाएवढा शिक्का काढायचा, त्यावर हाऽ करून वाफ सोडायची आणि कागदावर दाबायचा. एक येन कधी घेतला नाही. घेतला असता तर फार बरं झालं असतं, पैसे देऊन माणूस मोकळा तरी होतो.

आम्ही मोकळे झालो नाही. रविवारी सकाळी बेल वाजली की समजायचं, जामीनदार आले. आत पाऊल टाकायच्या आधी दारातले बूट बघायचे. "पाहुणे आहेत वाटतं?" मग ओट्याखालचा कचरा बघायचा, कारण प्लॅस्टिक उचलायच्या वारी जळाऊ कचरा बाहेर ठेवला तर शेजारी तक्रार करतात आणि "कागदावर नाव माझं आहे." मी कोंबिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या रात्रंदिवस उघड्या दुकानात, नोकरी धरली तेव्हा म्हणाले, "मिताली, असं काही करायच्या आधी विचारायची पद्धत असते." माझा नवरा सुशील त्यांच्यापुढे फक्त "हो काका" एवढंच बोलतो. ऑफिसात तो दहा माणसांचा साहेब आहे म्हणे. मी तर कधी पाहिला नाही तो साहेब.

कुणी जरा कुरकुरलं की देवस्थळींची म्हण ठरलेली. "ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं." ही म्हण मी इतक्यांदा ऐकली आहे की आता मला कुणाचं बरंच करावंसं वाटत नाही.

त्यांच्या आयुष्यातला अभिमानाचा काळ म्हणजे कोबे. मुलगा साई लहान असताना कंपनीने त्यांना एकट्यालाच कोबेला पाठवलं होतं. इथे ही रीतच आहे, बाप एका गावी आणि बायकामुलं दुसऱ्या. कंपनी त्यासाठी वेगळा भत्ता देते, महिन्यातून एकदा घरी यायचं भाडंही देते. "कुटुंबापासून लांब राहण्याचा भत्ता घेणारा आपल्यातला पहिला माणूस मी," हे वाक्य त्यांनी गणपतीच्या जेवणात, कुणाच्या बारशात, एकदा तर एकाच्या शोकसभेतसुद्धा सांगितलं. त्या कोबेची दुसरी बाजू मला त्यांच्या बायकोने, सुनेत्राकाकूंनी, मेथी निवडता निवडता सांगितली. "महिन्याने यायचे. आले की आधी विजेचं बिल, मग साईच्या वह्या. साई दारामागे उभा राहायचा. ते परत गेले की बाहेर यायचा." एवढं बोलून काकूंनी देठं गोळा केली आणि विषय बदलला.

तो साई मोठा झाला, सॉफ्टवेअरमध्ये लागला, नाशिकच्या ईश्वरीशी लग्न झालं. दोघांनी कावासाकीत दोन खोल्या घेतल्या, जामीन अर्थातच वडिलांचा. आणि वर्षभरात हा मुलगा नोकरी सोडून जपानच्या स्वसंरक्षण दलात भरती झाला.

त्या दिवशी वरून जे ऐकू आलं त्यासाठी कान लावावा लागला नाही. "पासपोर्ट मी घेतला तो घराच्या कर्जासाठी! बंदूक धरायला नाही!" साईने जपानीत काहीतरी दोन शब्दांचं उत्तर दिलं. बापाशी तो कधीपासूनच जपानीत बोलायचा, तेही दोन शब्द. मग दार आपटलं.

भरतीनंतर काही महिन्यांचं प्रशिक्षण असतं. छावणी योकोहामाच्याही पुढे, समुद्राकडे. लग्न झालेलं असो की नसो, झोपायचं छावणीतच. रविवारी दिवसापुरतं बाहेर सोडतात, संध्याकाळी हजेरीला परत, आणि लांब कुठे जायचं नाही. नेमून दिलेल्या हद्दीत कावासाकी बसत होतं, एदोगावा बसत नव्हतं. बायकोपासून लांब राहण्याचा भत्ता दलातही असतो, पण तो पुढे बदलीवर जाणाऱ्यांना. शिकाऊ माणसाला नाही, असं साईला सांगितलं गेलं होतं. म्हणजे छावणीतली खाट फुकट आणि बायकोच्या घराचं भाडं आपलं आपण. ईश्वरी कावासाकीत एका पाळणाघरात कामाला लागली. ओढाताण होती, पण भागत होतं. रविवारी नवरा दुपारभर घरी यावा, एवढ्यासाठी तिने त्या दोन खोल्या धरून ठेवल्या होत्या.

देवस्थळींनी भत्त्याचं ऐकलं आणि त्यातून स्वतःचा अर्थ काढला. "भत्ता नाही? मग हे वेगळं राहणं कसलं? भत्ता नाही म्हणजे सरकारच सांगतंय की सुनेनं सासरी राहावं." सरकारला इतकं स्पष्ट बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

सून काही आली नाही. मग ते स्वतःच रविवारी कावासाकीला जायला लागले. ईश्वरी मला फोनवर सांगायची. "मितालीताई, साई येतो आणि चहा ठेवते तोवर बाबांची बेल." घरात खुर्ची एकच, ती खिडकीशी ओढून ते बसत. साई आठवडाभर धावून, रांगून दमलेला, तो चटईवर आडवा होई आणि हे वरून विचारत, "किती दिवस टिकणार आहेस?" जेवण व्हायचं, भांडी व्हायची, बाबा बसलेले. संध्याकाळी साई निघाला की ते निघायचे, त्याच्याबरोबर स्टेशनपर्यंत. नवराबायकोला एकमेकांशी चार शब्द बोलायचे असतील हे त्यांना कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. चांगलं कळत होतं.

एका रविवारी साई उठून बसला आणि मराठीत म्हणाला, "बाबा, पुढच्या रविवारी येऊ नका." बापाशी मराठीत बोलला तो किती वर्षांनी, आणि बोलला ते हे. देवस्थळींनी बूट घातले आणि गेले.

पुढच्याच महिन्यात त्या घराचा करार नवा करायचा होता. देवस्थळींनी शिक्का द्यायला नकार दिला. कावासाकीची घरमालकीण जुन्या वळणाची म्हातारी. जामीन घेणाऱ्या कंपन्या आहेत, पण तिला कंपनी नको, माणूस हवा, तोही इथे कायमचा राहणारा. सुशील चालणार नव्हता, आम्ही अजून व्हिसावरच. ईश्वरी फोनवर रडली नाही. "सामान कमीच आहे, ताई," एवढंच म्हणाली. मला मात्र राहवलं नाही. मी वर गेले.

देवस्थळी जेवणाच्या टेबलाशी बसले होते. काकू पाठमोऱ्या, हात सिंकमध्ये.

"काका, शिक्का का देत नाही?"

"माझा शिक्का आहे."

"ते घर गेलं तर साईने रविवारी जायचं कुठे?"

"इथे यायचं. त्याला बाप आहे, घर आहे. रस्त्यावर आहे का तो?"

"इथवर यायची त्याला परवानगी नाही."

"असं ती म्हणते." देवस्थळी हसले. "नियमाला वाट असते. तीस वर्षं काढली आहेत मी या देशात, तू मला शिकवू नकोस. तिला इथे यायचं नाही म्हणून हा नियम निघालाय."

"तुम्ही स्वतः विचारा ना साईला."

"मी का विचारू? त्याने मला सांगायचं."

"काका, त्यांना आठवड्यातून एक दुपार मिळते हो."

"मला महिन्यातून एक मिळायची," ते म्हणाले, आणि क्षणभर मला वाटलं की आता हा माणूस काहीतरी खरं बोलेल. पण त्यांनी टेबलावरचा चष्मा उचलून डोळ्यांवर चढवला. "तुमचा करार पुढच्या वर्षी आहे ना, मिताली?"

काकूंनी नळ सोडला, जोरात. मी जिना उतरले. बोलायचं ते सगळं मला पायऱ्यांवर सुचलं आणि त्याचा कुणालाच उपयोग नव्हता. त्या माणसाचा इतका राग मला आधी कधी आला नव्हता, आणि त्याहून जास्त राग या गोष्टीचा की मी घाबरले.

ईश्वरी दोन बॅगा आणि एक कुकर घेऊन एदोगावाला आली. पाळणाघरातली नोकरी सुटली. पहिल्या रविवारी वरच्या मजल्यावरून पुरणाचा वास आमच्या घरात उतरला. दुपारी मी कामावरून परतत होते तर स्टेशनच्या गेटबाहेर देवस्थळी उभे, इस्त्रीचा शर्ट, केस नीट बसवलेले.

"साई येतोय," ते मला म्हणाले. विचारलं नव्हतं मी.

मला माहीत होतं की साई येणार नाही. ईश्वरी सकाळीच डबा घेऊन छावणीजवळच्या स्टेशनवर गेली होती. देवस्थळी धरून चालले होते की ती त्याला आणायला गेली आहे. मी काही बोलले नाही. उभे राहू देत, म्हटलं.

संध्याकाळी ती एकटी परत आली तेव्हाही ते गेटपाशीच होते. पुढचं ईश्वरीने सांगितलं. त्यांनी आधी तिच्या मागे बघितलं. गर्दी सगळी निघून गेली तरी बघत राहिले.

"त्याला सांगितलं नाहीस का, मी वाट बघतोय म्हणून?"

"तो इथवर येऊ शकत नाही हे मी सांगितलं होतं, बाबा. तुम्हालाच सांगितलं होतं."

दोघं चालत घरी आले. आणि त्यानंतर प्रशिक्षण संपेपर्यंत सगळे रविवार असेच गेले. ती जाऊन यायची, समुद्राकडच्या एका बाकावर दोघं डबा खायची, पाऊस असला तर स्टेशनशेजारच्या स्वस्त हॉटेलात बसायची. त्या गाडीत बसायला देवस्थळींना कुणी अडवलं नव्हतं. काकू काकुळतीने म्हणायच्या, "अहो, जाऊन भेटून या." हे गेले नाहीत. मुलगा बोलावत नाही तोवर बाप कसा जाणार! सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

प्रशिक्षण संपलं आणि साईने पहिल्या नेमणुकीसाठी होक्काइदो मागून घेतलं. लोक नको म्हणतात, थंडी फार. याने मागितलं आणि मिळालं. लग्न झालेल्यांसाठी तिथे दलाची घरं आहेत, त्यांतलं एक त्यांना मिळालं. ईश्वरी निघाली त्या दिवशी मी वर गेले होते. तिने काकूंना मिठी मारली, दोघी रडल्या. मग ती सासऱ्यांच्या पाया पडली. ते म्हणाले, "हीटरचं बिल बघून वापरा." ती उंबऱ्यात बूट घालत असताना पुन्हा म्हणाले, "घराचे कागद पाठवा. शिक्का देईन."

ईश्वरी फक्त "येते" म्हणाली.

यानंतर महिनाभराने, रविवारी सकाळी, आमची बेल वाजली. देवस्थळी. मी सवयीने बुटांकडे पाहिलं, माझी बहीण राहायला आली होती, तिचे लाल बूट दारातच होते. त्यांनी बघितलेही नाहीत. आत आले, बसले, खिशातून कातडी पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

"ईश्वरीशी तुझं बोलणं होतं ना?"

"होतं."

"कागद आले नाहीत अजून. महिना झाला. कसे राहतायत कागदांशिवाय?" ते पाकिटाच्या चेनशी चाळा करत होते. "तिला सांग, मी रागावलेलो नाही. टपालाने पाठवू दे. नाहीतर मीच जाईन तिकडे शिक्का घेऊन. थंडीचं काय, कोबेलाही थंडी असते."

कुणी दुसरी बाई असती तर तिने हे हळुवारपणे सांगितलं असतं. मला ते बूट आठवले, तो कचरा आठवला, सिंकमधला तो नळ आठवला.

"काका, ते दलाचं घर आहे. तिथे होशोनिन लागत नाही."

"लागत नाही म्हणजे? कुणाचा तरी लागतच असेल."

"कुणाचाच नाही."

त्यांनी पाकीट उघडलं, आतला शिक्का काढून तळहातावर धरला, उलटा करून त्यावरचं आपलं नाव पाहिलं. मग परत आत ठेवला. चेन एकदा अडकली, ती त्यांनी मागे घेऊन पुन्हा लावली. सुशील आतल्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला होता.

"तुमचा करार पुढच्या वर्षी आहे ना, मिताली?"

तेच शब्द. पण या वेळी त्यांनी माझ्याकडे खालून वर पाहिलं, आणि पाकीट माझ्या बाजूला थोडं सरकवलं.

"आम्ही कंपनीचा जामीन घेतोय, काका," मी म्हटलं.

सुशीलने चमकून माझ्याकडे पाहिलं. त्याला मी त्याबद्दल अजून विचारलंही नव्हतं.