दोनशे बारा नंबरची खुर्ची

चौकडीचा पहिला कार्यक्रम ज्या सभागृहात झाला तिथे खुर्च्या होत्या तीनशे चाळीस. खुर्चीकाकांना हा आकडा पाठ होता, कारण त्यातली एकूण एक खुर्ची कधी ना कधी त्यांच्या हाताखालून गेली होती. आणि त्या कार्यक्रमाला आपण हजर होतो असं सांगणारी माणसं आज गावात निदान चार हजार तरी असतील. पोस्टमन हजर होता, दातांचा डॉक्टर हजर होता, आणि बँकेचा मॅनेजर, जो तेव्हा जन्मालाही आला नव्हता, तो आईच्या पोटातून हजर होता.

"एकमेकांच्या मांडीवर बसले असतील," खुर्चीकाका म्हणत आणि रंधा मारत राहत.

खुर्चीकाका म्हणजे सभागृहाचे सुतार. वय चौसष्ट. त्यांच्याहून मोठी माणसंही त्यांना काकाच म्हणत. रंगमंचाच्या खाली त्यांची खोली होती. तिची एकुलती एक खिडकी रस्त्याच्या पातळीवर, त्यामुळे तिच्यातून जाणाऱ्या-येणाऱ्यांचे फक्त पाय दिसत. चाळीस वर्षं गावाला घोट्यापर्यंतच पाहिल्यामुळे की काय, गावाबद्दल त्यांचं मत फारसं उंच गेलं नव्हतं.

त्यांना एक सवय होती. दुरुस्त झालेली खुर्ची पालथी घालायची आणि बैठकीच्या खालच्या अंगाला जाड पेन्सिलीने लिहायचं: तारीख, काय मोडलं, कशानं मोडलं. त्यांच्या वस्तादांनी लावलेली शिस्त होती ती. तीच खुर्ची पुन्हा आली की दुखणं जुनं आहे की नवं हे कळलं पाहिजे. 'मागचा पाय. वकीलसाहेब मागे रेलून घोरतात.' 'डावा हात. नाटक आवडलं म्हणून ठोकला.' असं सगळं खरं खरं. खुर्चीकाका माणसांना थापा मारत, नाही असं नाही, पण बैठकीखाली त्यांनी कधी एक शब्द खोटा लिहिला नाही.

आता त्या कार्यक्रमाचं. एकेचाळीस वर्षांपूर्वी लोक आले होते नाटक बघायला. नायिकेचा घसा बसला आणि ऐनवेळी व्यवस्थापकाने चार पोरांना गिटार, ढोल असं काहीबाही देऊन उभं केलं. पोरांचे केस खांद्यापर्यंत, पँटी घोट्याला फाटलेल्या. पहिलं गाणं लोकांनी आ वासून ऐकलं, दुसऱ्याला शिट्ट्या मारल्या आणि तिसऱ्याला खुर्च्या फेकल्या. सत्तावीस खुर्च्या. हे झालं खरं, आणि नेमकं हेच आता गावात कोणाला आठवत नव्हतं.

पहिली खुर्ची कोणी फेकली हे एकाच माणसाला माहीत होतं. तेवीस वर्षांचा सुतार बाजूच्या दारात उभा होता. हातात दोनशे बारा नंबरची खुर्ची, नुकतीच दुरुस्त केलेली, सरसही अजून वाळला नव्हता. त्याचं सकाळपासून डोकं दुखत होतं आणि पत्र्यावर खिळे सांडावेत तसा तो आवाज थांबायला तयार नव्हता. हात कधी वर गेले ते त्यालाही कळलं नाही. खुर्ची गिटारवाल्याच्या उजव्या कोपरावर जाऊन आदळली. आणि सुशिक्षित, सभ्य, वार्षिक सभासद असलेल्या माणसांना एकदम हुरूप आला. बाकीच्या सव्वीस खुर्च्या त्यानंतर उडाल्या.

पोरं जीव मुठीत धरून रंगमंचाखालच्या खोलीत शिरली. मागचं दार सुताराने उघडून दिलं. तेवढं मात्र केलं.

तिकीटखिडकीत तेव्हा एक मुलगी बसायची. सगळ्या सभागृहात टाळ्या वाजवणारी ती एकटीच. दुसऱ्या दिवशी रडून लाल झालेल्या डोळ्यांनी तिने सुताराला विचारलं, "तुम्ही पण फेकलीत?"

"छे हो! मी तर त्यांना मागचं दार उघडून दिलं."

वर्षभरात त्यांचं लग्न झालं. आपल्या नवऱ्याच्या बढाया मारणाऱ्या शेजारणींना काकू गेली चाळीस वर्षं एकच उत्तर देत आल्या होत्या: "त्या दिवशी अख्ख्या गावात एकच माणूस माणसासारखा वागला, तो आमच्या घरात आहे."

चौकडी हे नावसुद्धा लोकांनी शिवी म्हणून ठेवलेलं. वर्तमानपत्रं लिहायची, ही चौकडी आमची पोरं बिघडवणार. न्हाव्यांनी ठराव केले, पालकांनी रेडिओ फोडले. गावच्या हेडमास्तरांनी तर शाळेच्या फाटकावर फळाच लावला होता की चौकडीची गाणी गुणगुणणाऱ्याला आत प्रवेश नाही. मग पोरं परदेशात गेली. तिथल्या कुठल्याशा मोठ्या शहरात लोक उभे राहिले आणि सात मिनिटं टाळ्या वाजवत राहिले. ती बातमी इकडे आली मात्र, देशाचे कान एका आठवड्यात उघडले. जी गाणी सोमवारी गोंगाट होती ती शनिवारी आपल्या मातीचा आवाज झाली. पोस्टाची तिकिटं निघाली. मंत्र्यांनी केस वाढवले, ज्यांच्या डोक्यावर होते त्यांनी. तोच फळा हेडमास्तरांनी पुसला आणि त्यावर 'आमचा अभिमान' असं लिहिलं. फळा नवा घेण्याचीसुद्धा तसदी घेतली नाही.

आणि कोपर! गिटारवाल्याचं उजवं कोपर त्या दिवसापासून नीट दुमडेना. ते अंगापासून लांब, वर उचलूनच त्याला वाजवावं लागे. लोकांना वाटलं, ही शैली. देशातला प्रत्येक पोरगा आरशासमोर कोपर वर करून उभा राहू लागला. जाणकारांनी लेख लिहिले की त्या कोपरात एका पिढीचं बंड आहे. गिटारवाल्यानेही मुलाखतीत सांगून टाकलं, ही पद्धत मी बऱ्याच चिंतनानंतर शोधली. खुर्चीकाकांनी ते वाचलं तेव्हा ते इतके हसले की सरस उतू गेला. काकूंनी मात्र त्याच कोपराचा फोटो स्वयंपाकघरात लावला होता, आणि रोज सकाळी चहाआधी त्यावरून फडकं फिरायचं. तेव्हा काकांना हसू येत नसे.

असं सगळं चाललं होतं. आणि यंदा चौकडीने आपल्या पहिल्या सभागृहात सत्काराला यायचं कबूल केलं.

हेडमास्तर आता सभागृहाचे अध्यक्ष झाले होते. वय शहात्तर, आणि 'पहिल्या कार्यक्रमाचा साक्षीदार' म्हणून त्यांची देशभर भाषणं होत. ते जिना उतरून खाली आले, नाकाला रुमाल लावून.

"खुर्चीकाका, त्या जुन्या सत्तावीस खुर्च्या माळ्यावर आहेत ना अजून?"

होत्या. दहा वर्षांपूर्वी गादीच्या खुर्च्या आल्या, जुन्या मोडीत गेल्या, पण काकांनी त्या सत्तावीस बाजूला ठेवल्या होत्या. का, असं कोणी विचारलं असतं तर ते म्हणाले असते, पुरावा म्हणून.

"काचेच्या दालनात मांडू या. 'याच खुर्च्यांवर बसून आम्ही पहिली दाद दिली.' कसं वाटतं?"

"बसून?" काका म्हणाले.

अध्यक्षांनी घसा खाकरला. "खाली तुम्ही ते काहीबाही लिहिता म्हणे. तेवढं रंधून टाका. कशाला उगाच."

अध्यक्षांची वार्षिक सभासदत्वाची खुर्ची होती चौदा नंबरची. तिच्याखाली लिहिलं होतं: 'पुढचे दोन्ही पाय. हेडमास्तरांनी फेकली, दोन्ही हातांनी, धावत येऊन.'

"बघतो," काका म्हणाले.

त्यांनी खुर्च्या खाली आणल्या, पालथ्या घातल्या आणि एकेक वाचली. वकील, दाताचा डॉक्टर, औषधवाला. या सगळ्यांच्या ढोंगाचा त्यांना इतका वीट आला होता की त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं, एक अक्षर खोडणार नाही. जाऊ दे काचेत, बघू दे लोकांना. मग सत्ताविसावी खुर्ची आली. 'बैठकीची चौकट निखळली. पहिली हीच उडाली. मी फेकली. लांब केसवाल्याच्या कोपराला लागली.'

काकांनी रंधा उचलला. सगळ्यांचं ठेवायचं आणि आपलं तेवढं खोडायचं, हा विचार त्यांच्या मनात आला, खोटं कशाला सांगा. रंधा लाकडावर टेकवलाही. पण मग आपल्यात आणि त्या फळा पुसणाऱ्यात फरक काय राहिला? आणि नाही खोडलं तर घरी ती आहे. गाव हसलं असतं तर त्यांनी गावाला विचारलं नसतं. त्यांना भीती होती ती एकाच बाईची.

त्या दिवशी जेवताना सांगायचंच, असं ठरवून ते घरी गेले. काकू आनंदात होत्या. पहिल्या कार्यक्रमाची तिकीटवाली म्हणून स्वागताचा मान त्यांना मिळाला होता.

"अहो, मी त्यांना सांगणार आहे, मागचं दार उघडलं तो माणूस हा. चालेल ना?"

"वाढ जरा," काका म्हणाले. तीन दिवस ते हेच म्हणत राहिले. चौथ्या दिवशी खुर्च्या तशाच्या तशा वर रंगमंचावर गेल्या; काचेत त्या सत्कारानंतर जायच्या होत्या. खुर्चीखाली वाकून कोण बघतंय, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

सत्कार दुपारी झाला. टीव्हीवाले आले होते. चौकडीतले चौघं आता साठी ओलांडलेले, गिटारवाला तर चांगलाच वजनदार झालेला. अध्यक्षांचं अर्धा तास भाषण झालं, त्यात 'आम्ही' हा शब्द चौकडीपेक्षा जास्त वेळा आला. मग ते म्हणाले, आता आपल्या लाडक्या कलावंताने त्या ऐतिहासिक खुर्चीवर बसावं, आणि सत्तावीसांतली सगळ्यात धड दिसणारी खुर्ची त्यांनी पुढे ओढली. धड का दिसणार नाही? काकांनी आयुष्यात एवढ्या निगुतीने दुसरी खुर्ची जोडली नव्हती.

जाड माणसं जुन्या खुर्चीवर आंधळा विश्वास टाकत नाहीत. गिटारवाल्याने खुर्ची उचलली, पाय बघायला पालथी केली, आणि त्याला अक्षरं दिसली. त्याने चष्मा लावला. माईक समोरच होता.

"'पहिली हीच उडाली,'" तो वाचू लागला. "'मी फेकली. लांब केसवाल्याच्या कोपराला लागली.'"

गिटारवाल्याने आपलं कोपर चाचपलं. चाळीस वर्षांचं चिंतन त्याच्या चेहऱ्यावरून उतरताना सगळ्यांनी पाहिलं. मग तो हसायला लागला, बाकीचे तिघंही हसायला लागले, आणि त्यांनी एकेक खुर्ची पालथी करून वाचायला सुरुवात केली. चौदा नंबर आला तेव्हा अध्यक्ष पाणी पीत होते.

"हा 'मी' म्हणजे कोण?" गिटारवाल्याने विचारलं.

काका बाजूच्या दारात उभे होते, त्याच. समोर रंगमंचावर काकू फुलं घेऊन उभ्या होत्या. त्यांनी दाराकडे पाहिलं. अक्षर त्यांच्या ओळखीचं होतं, घरातली वाणसामानाची यादी त्याच अक्षरात असे.

"मी," खुर्चीकाका म्हणाले.

आता गावाला लाज वाटेल, निदान एक दिवस तरी मान खाली जाईल, असं कोणाला वाटलं असेल तर त्याला हे लोक कळलेच नाहीत. चौकडी हसली म्हणजे ते हसण्यासारखं होतं, हे लोकांनी ताबडतोब ओळखलं. सभागृह टाळ्यांनी दणाणून गेलं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत आलं, 'ज्या खुर्चीने देशाला कोपर दिलं'. आठवड्याच्या आत गावात खुर्ची फेकलेली माणसं चार हजार झाली. बँकेचा मॅनेजर म्हणाला, आईने फेकली होती. दाताचे डॉक्टर, ज्यांची खुर्ची खरोखरच त्या सत्तावीसांत होती, ते तर खिडकीशी वाकून विचारून गेले की आपली पहिल्या पाचांत होती का.

अध्यक्षही खाली आले. या वेळी नाकाला रुमाल नव्हता.

"काका, ते चौदा नंबरचं पेन्सिलीचं अक्षर पुसट झालंय हो. जरा ठळक करा ना, लोकांना वाचता येत नाही." आणि निघताना म्हणाले, "समितीने ठरवलंय, पहिली खुर्ची फेकणारे म्हणून तुमचा जाहीर सत्कार करायचा. सहकुटुंब यायचं बरं का."

काकांनी त्यांना जिना दाखवला. पटाशी हातात असल्यामुळे अध्यक्षांनीही फार आग्रह केला नाही.

घरी काकू भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. चौकडीच्या सत्कारावरून परतल्यावर त्यांनी एवढंच म्हटलं, "चाळीस वर्षं मी लोकांना तुमचं नाव सांगत आले हो." त्यानंतर चहा वेळेवर, जेवण वेळेवर, आणि आवाज नाही. शेजारणी येऊन अभिनंदन करत, केवढं नशीब म्हणत, आणि काकू मान हलवत. कोपराचा फोटो भिंतीवरच होता. फडकं फिरायचं, पण काका खोलीबाहेर गेल्यावर.

पंधरा दिवसांनी काकांनी दोनशे बारा नंबरची खुर्ची काचेतून काढली आणि खांद्यावर टाकून घरी आणली. समितीने आरडाओरडा केला, मग दुसरी एक खुर्ची आणली आणि तिच्याखाली तोच मजकूर कोणाकडून तरी चांगल्या अक्षरात लिहून घेतला. बघायला रांगा तिलाच लागतात.

काकांच्या मनात होतं, तिच्यासमोर ती फोडावी आणि चुलीत घालावी. त्यांनी हातोडाही घेतला. काकूंनी तो हातातून काढून घेतला, खुर्ची उचलली आणि जेवणाच्या टेबलाला लावली.

"ही मजबूत आहे," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून त्या तिच्यावरच बसतात, काकांच्या बरोबर समोर, दोन्ही वेळा. काकांनी नवीन खुर्ची करून दिली, गादीसुद्धा लावली. ती पाहुण्यांना असते.