बाप्तिस्मा झालेला नारळ

म्हाळूकाकांचा नारळ मी लिलावात विकत घेतला आणि आईनं तो वांग्याच्या भाजीला वाटून टाकला. गावातली माणसं अजून मला थांबवून पोट कसं आहे म्हणून विचारतात.

आमच्या गावात, युसूफ वडगावच्या अलीकडं, पत्र्याचं एक छोटं चर्च आहे. दिवाळीनंतर तिथं कापणीचा सण असतो. ज्याच्या शेतात जे पिकलं ते तो देवापुढं आणून ठेवतो, प्रार्थना होते आणि मग त्या सगळ्याचा तिथंच लिलाव. मी डी.एड. करून बसलोय, म्हणजे बसलोयच. क्रिकेटच्या स्पर्धांना कॉमेंट्री करतो, भाड्यानं साउंड लावतो. साउंड माझा, म्हणून लिलावही माझ्याच गळ्यात आला.

भोपळा चांगला गेला. कोंबडा तर दोन भावांच्या भांडणात कोंबडीच्या दुप्पट भावाला गेला. मग टेबलावर एक नारळ आला. शेंडी भादरलेली, अंग घासून धुतलेलं, जणू शाळेच्या पहिल्या दिवशी तयार करून आणलेलं पोरगं. मी पुकारा केला. चर्चमध्ये चिडीचूप. लिलाव थंड पडला की पुकारणाऱ्यानं स्वतःच एक खोटी बोली फेकायची असते, म्हणजे लोक पेटतात. मी माईकवरून ओरडलो, "पन्नास!" लोक काही पेटले नाहीत. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, चर्चच्या पाळकसाहेबांनी टाळी वाजवली आणि नारळ माझा झाला.

तो नारळ कुणाचा हे तिथल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं. मला ओळखू आला नाही, कारण मी त्याला कायम शेंडीसकट आणि कुंकू लावलेला पाहिलेला.

म्हाळूकाका पाणाडी. तळहातावर नारळ आडवा ठेवायचा, शेतातनं अनवाणी चालायचं, आणि नारळ जिथं उभा राहील तिथं बोअर घ्यायला सांगायचं. उभा राहिला म्हणजे पाणी लागतंच असं नाही. आमच्याकडं नारळ उभा राहतो, शेतमालक उभा राहतो, बोअरची गाडी उभी राहते. पाणी तेवढं खाली बसून असतं. तरी काकांना बोलावणं असायचं, कारण पाणी नाही लागलं तर मालकाच्या आधी तेच रडायचे.

बाप्तिस्म्यातलं त्यांचं नाव मत्तय. आजोबांच्या काळापासून घर ख्रिस्ती. गावानं मात्र मत्तय कधी तोंडात धरलं नाही. बंडीच्या डाव्या खिशात नवा करार, उजव्या खिशात कुंकवाची पुडी. सोमवार ते शनिवार उजवा खिसा, रविवारी डावा. रविवारच्या प्रार्थनेत काका उभे राहून आठवड्याभराचं पाप कबूल करायचे, आणि त्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नव्हतं. "मी जन्मापासनंच पापी," असं ते इतक्या अभिमानानं सांगायचे की नवख्याला वाटावं, माणसाला पुरस्कार मिळालाय. गावातल्या बद्रीनाथची नवी मोटरसायकल बघून हेवा वाटला, माफी. एकादशीला शेजारच्या घरातली भगर बघून तोंडाला पाणी सुटलं, माफी.

त्यांची बायको मनकर्णाकाकू ही त्यांच्याच मामाची मुलगी. मामाचं घर काही ख्रिस्ती झालं नव्हतं, आणि लग्नानंतर काकूही झाल्या नाहीत. नाताळाला चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसून गाणी म्हणायच्या, आणि मंगळवारी विहिरीवर जाऊन आसरांना हळदकुंकू वाहायच्या. आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बहिणी. विहीर त्यांची, पाणी त्यांचं, आणि पाणी दाखवणारा नारळही त्यांचाच, हे काकूंचं म्हणणं.

"उगं न केलेल्याची माफी कावून मागता?" त्या काकांना म्हणायच्या. "केलेल्याचीच लाईन मोठी हाय."

"मनात आलं तरी पाप असतंय, मनकर्णे."

"मनातलं कोण बघतंय? म्हसोबाला माझ्या मनाशी काय करायचंय? त्याला दहीभात पायजे. पाप म्हंजे कुणाचं तरी द्यायचं राहिलं. दिलं की मिटलं. म्हसोबाचं म्हसोबाला, आसरांचं आसरांना. कुणी कुणाच्या खात्यात हात घालायचा न्हाई."

असा त्यांचा वीस-बावीस वर्षांचा संसार. त्यात भांडण कमी आणि धर्मचर्चा जास्त.

आता काकांना आयुष्यात एकच हौस होती: चर्चमध्ये दानाची मखमली थैली फिरवायची. तो मान पंच कमिटीतल्या माणसाचा. काका दर नाताळाला आशेनं इस्त्रीचा शर्ट घालून जायचे आणि दर नाताळाला थैली दुसऱ्याच्याच हातात दिसायची. अहिल्यानगरकडचे नवीन तरणे पाळकसाहेब आले, तेव्हा त्यांनी स्पष्ट सांगितलं, "मत्तयभाऊ, एका हातात आसरांचा नारळ आणि दुसऱ्या हातात प्रभूची थैली, असं चालणार नाही. नारळ सोडा, या नाताळाला थैली तुमची."

काकांनी सोडला. स्वतःच्या हातानं शेंडी काढली, साबणानं कुंकू धुतलं आणि कापणीच्या सणाला देवापुढं ठेवला. पाळकसाहेबांनी त्यावर प्रार्थना केली. आणि मग मी त्याच्यावर बोली लावली.

लिलावाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काकू आमच्या दारात.

"सत्या, नारळ काढ."

"काकू, त्यो भाजीत गेला."

"समदा?"

"गोटा खोबरं निघालं. आई खूश झाली, समदंच वाटलं."

आई चहा गाळत होती. नारळ कुणाचा ते काकूंनी सांगितल्यावर तिनं गाळणी तशीच धरून ठेवली आणि चहा ओट्यावर. "सत्यम, तुला दुसरं काय मिळालं न्हाई व्हय रं लिलावात? भोपळा व्हता ना?"

काकूंच्या मागोमाग काकाही धापा टाकत आले. "मनकर्णे, पोराला भेवू घालू नको. प्रार्थना झालीया त्याच्यावर. आता साधा नारळ व्हता त्यो."

"साधा व्हता तर विहिरीत सोडायचा. तुमी दिला, पाळकानं इकला, ह्यानं गिळला. ज्यांचा व्हता त्यांना मधी कुणी इचारलं का?"

काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "सत्यम, तू अजाणता खाल्लास. मी तुला माफ केलं. कायमचं."

"तुमी कोण माफ करणार?" काकू उसळल्या. "शेजाऱ्याच्या म्हशीनं पाटलाचा ऊस खाल्ला तर माफी तुमी देता व्हय?"

काकांची माफी मला आमच्या कर्जमाफीसारखी वाटली: जाहीर तर झाली, पण यादीत आपलं नाव आहे का ते कळेना.

"मग मी करू काय?" मी विचारलं.

"एक नारळ आण. शेंडीवाला. हळदकुकू लावून तुझ्या हातानं विहिरीत सोड. रडायचं न्हाई, मनाला लावून घ्यायचं न्हाई. नारळ द्यायचा नि घरी यायचं."

"नारळ नको," काका म्हणाले. "पस्तावा झाला पायजे. आतनं."

एकाला पस्तावा हवा होता, नारळ नको. दुसरीला नारळ हवा होता, पस्तावा नको. माझ्याकडं त्या वेळी दोन्ही नव्हतं. मी म्हणालो, "बघतो."

नाताळ जवळ आला आणि चर्चचा हापसा आटला. बीडहून एकजण पाणी शोधायचं यंत्र घेऊन आला, त्यानं दाखवलेल्या जागी नुसता धुरळा निघाला. सणाला येणाऱ्या पाहुण्यांना हात धुवायलाही पाणी नाही. एका दुपारी मी काकूंचा मोबाइल नीट करत त्यांच्या अंगणात बसलेलो, तर पाळकसाहेब आले. बराच वेळ हवापाण्यावर बोलले. त्यातली हवा संपली आणि पाणी राहिलं.

"मत्तयभाऊ," ते शेवटी म्हणाले, "नारळाशिवाय जमतं का हो?"

काकांचा चेहरा आधी उजळला, मग पडला. "रिकाम्या हातानं? हात सुना लागतोय, साहेब."

मग अंगणात जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. काकांच्या तळहातावर एकेक वस्तू ठेवून बघितली. बटाटा कुठंच उभा राहीना. भोपळ्यानं हातच खाली गेला. माझं हेल्मेट सगळीकडंच उभं राहिलं.

"काठी!" पाळकसाहेब एकदम म्हणाले. "मोशेनं काठीनंच खडकातून पाणी काढलं. पवित्र शास्त्रातच आहे."

काका विचारात पडले. "हाय खरं. पण साहेब, त्याच काठीपायी त्याला वचनदत्त देशात पाऊल ठिवू दिलं न्हाई. मग माझ्या थैलीचं कसं?"

पाळकसाहेबांनी डोकं खाजवलं. "त्यानं खडकावर मारली होती. दोनदा. तुम्ही मारू नका. नुसती धरा."

चुलीपाशी बसलेल्या काकू म्हणाल्या, "सत्या, ध्यानात ठिव रं. पाप काठीत न्हाई, मारण्यात हाय. उद्या बदललं तर साक्षीला तू."

लिंबाची दुबेळक्याची, दोन फाटे फुटलेली काठी दोन्ही हातांत धरून काका चर्चच्या आवारात फिरले. ओठ हलत होते. मागच्या सीताफळाच्या झाडापाशी काठीचं टोक खाली वळलं. जागा ठरली.

मांजरसुंब्याला तामिळनाडूची एक बोअरची गाडी मुक्कामाला होती, ती बोलावली. ज्या दिवशी गाडी आली, त्याच दिवशी काकू पिशवीत शेंडीवाला नारळ घेऊन हजर. "तुझ्याच्यानं आणणं हुईना, म्हणून मीच आणलाय," त्या मला म्हणाल्या. "हितलं झालं की विहिरीवर चल. तू नुसता हात लाव नि सोड." मी मान डोलावली. फुकटात सुटत होतो.

गाडीच्या काचेला आतून क्रूस लटकत होता. पाळकसाहेबांना बरं वाटलं. पण मिस्त्री काही मशीन सुरू करेना. त्यानं चाकाखाली लिंबू ठेवला आणि हात पुढं केला. "नारियल?"

"आप क्रिश्चन हैं ना?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"हाँ साब. हर संडे चर्च."

"फिर नारियल किसलिए?"

"मैं क्रिश्चन, साब," मिस्त्री शांतपणे म्हणाला. "मशीन क्रिश्चन नहीं है."

काकूंनी त्याच्याकडं असं बघितलं, जणू माहेरचं माणूस भेटलं. पिशवीतला नारळ काढून त्याच्या हातात दिला. "घे बाबा. तुला कळतंय."

"काकू, त्यो माझा..." मी म्हणालो, पण कोण ऐकतंय.

पाळकसाहेबांनी डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली. लांबलचक. मिस्त्रीनं नारळ फोडला, मशीनला पाणी शिंपडलं, खोबरं वाटलं, तरी प्रार्थना चालूच. डोळे उघडले तेव्हा काकूंनी त्यांच्याही हातावर एक तुकडा ठेवला. "परसाद न्हाई हां साहेब. नुसतं खोबरं." त्यांनी खाल्लं. मीही खाल्लं. तोंडात घातल्यावर ध्यानात आलं की ज्या नारळाची फेड करायची होती, त्याच्या फेडीचा नारळही मीच खातोय.

काका मशीनपासून लांब, चर्चच्या पायरीवर गुडघे धरून बसलेले. पाणी नाही लागलं तर गावातलं उरलंसुरलं नावही जाणार आणि थैलीही. आधी धुरळा आला. बराच वेळ धुरळाच. काका रडायच्या तयारीत. मग चिखल उडाला, आणि मग पाण्याचा असा फवारा आला की पाळकसाहेब नखशिखांत भिजले. काकू म्हणाल्या, "घ्या. आता तुमचा बी बाप्तिस्मा झाला."

नाताळाच्या दिवशी चर्च गच्च भरलेलं. साउंड माझाच. पाळकसाहेबांनी थैली हातात घेऊन पुकारलं, "मत्तयभाऊ."

काका उठले. इस्त्रीचा शर्ट, डोक्याला तेल. पुढं आले, थैलीकडं बघितलं आणि हात मागं घेतला.

"साहेब, आधी सांगतो. काठी वळली तवा ओठात प्रभूचं नाव व्हतं. पण मनात आलं, 'आई आसरांनो, लाज राखा.'"

बाहेर नवीन नळाखाली कुणाची तरी बादली भरत होती, तिचा आवाज आत येत होता. पहिल्या बाकावर काकूंनी कपाळावर हात मारून घेतला. एवढ्या वर्षांची हौस हा माणूस मनातल्या एका वाक्यापायी घालवणार होता, आणि ते वाक्य तर कुणाला ऐकूही गेलं नव्हतं.

पाळकसाहेबांनी एकदा त्या बादलीच्या आवाजाकडं मान वळवली. मग म्हणाले, "मनात आलं, तुम्ही सांगितलं, आणि देवानं माफ केलं. मीही सांगून टाकतो. त्या दिवशी नारळ फुटताना माझा एक डोळा उघडा होता." आणि थैली काकांच्या हातात दिली.

काका थैली घेऊन बाकाबाकानं फिरले. पावलं अशी टाकत होते, जणू हातात पाणी भरलेली परात आहे. माझ्यापाशी आले, थैली पुढं केली आणि कानात म्हणाले, "सत्यम, झाला का पस्तावा?"

"होत आलाय," मी म्हणालो.

बाहेर पडताना काकूंनी मला गाठलं. "ह्येंचं मिटलं. त्यांचा देव मोठ्या मनाचा हाय, बिनपैशात सोडतो. माझ्या आसरा गरीब बायका हायेत बाबा. त्यांना नारळच लागतोय." आणि दोन बोटं वर केली. "आता दोन."

त्याला आता पाऊसकाळ होऊन गेला. मी शेताकडं जाताना विहिरीची वाट सोडून ओढ्याच्या वाटेनं जातो. लांब पडतं, पण हवा चांगली आहे. परवा केजच्या दुकानात एक नारळ हातात घेतला, कानाशी धरून हलवूनही बघितला. पाणी चांगलं होतं. मग आईनं शेंगदाणे सांगितले होते, तेच घेऊन घरी आलो.