निळा ठिपका

पोरीला शिक्षा म्हणून शहराबाहेरच्या गिरणीत पाठवलं तर? आईच्या डोक्यातून हा प्रश्न काही केल्या जात नव्हता. भाजी चिरताना तोच, शिवणयंत्रावर बसल्यावरही तोच.

झालं होतं एवढंच. राष्ट्रदिनाच्या तालमीत हजारो माणसं मैदानाच्या पायऱ्यांवर रंगीत फलक धरून बसत. शिट्टी वाजली की निळे फलक उलटून लाल करायचे, की समुद्रातून सूर्य वर यायचा. आज सूर्य आला खरा, पण त्याच्या ऐन गालावर एक निळा ठिपका तसाच राहिला. तो ठिपका म्हणजे हिची लेक. परदेशी पाहुणे ते चित्र बघून म्हणतात, ही माणसं नव्हेत, यंत्रं आहेत. पण यंत्रांना कधी भर तालमीत खुदकन हसू येतं?

"कोणाशी बोलत होतीस?" तुकडीप्रमुखाने दरडावून विचारलं. पोरीने नुसता फलक उलटून लाल केला.

संध्याकाळी जिन्याजवळच्या खोलीतल्या काकू वर आल्या. इमारतीत कोण येतं, कोण जातं, हे सरकारात कळवणं त्यांचं काम. त्यांना दारात बघून आईने शिवणयंत्र थांबवलं. काकू मात्र ऐसपैस बसल्या.

"मागच्या रांगेतला तो बस दुरुस्त करणारा ना? मला कळलंय."

"काकू, तुम्ही हे कुठे बोलू नका हो!"

"अगं, प्रमुख उद्या मलाच विचारणार. लग्न ठरलेली पोरं हसली तर तो कानाडोळा करतो. त्याचं स्वतःचं अशाच तालमीत जमलं होतं ना! न ठरलेली हसली, तर मात्र बेशिस्त."

आई लेकीकडे वळली. "आवडतो का तुला? खरं सांग. सुटका व्हावी म्हणून हो म्हणू नकोस."

"आई, त्याला इंजिनाशिवाय दुसरं काही बोलताच येत नाही."

"मग हसलीस कशाला?"

"इंजिनाबद्दलच बोलला," म्हणता म्हणता पोरगी कानापर्यंत लाल झाली.

"बघा!" काकू म्हणाल्या, "हाच रंग मैदानात वेळेवर दाखवला असतास तर!"

आईला हसू फुटलं, पण लगेच विरलं. इमारतीत फोन एकच, काकूंच्या खोलीत. त्यावरचं बोलणं कोणीतरी ऐकत असतं, हे सगळ्यांना ठाऊक. मुलाची आई नाही म्हणाली, तर शोभा होणार ती परक्याच्या कानादेखत.

"ऐकेना का मेला," काकू म्हणाल्या, "आयता साक्षीदार मिळाला."

फोनमधून दिसणार असल्यासारखे आईने केस सारखे केले, आणि चपला पायात सरकवल्या.

"चला काकू. लावा त्याच्या आईला फोन. बोलते मीच."