चालून दाखवा

धाकट्या बहिणीला, नलूला, दिव्यांग प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात घेऊन गेलो होतो. लहानपणच्या पोलिओनं तिचा डावा पाय बारीकच राहिला. डॉक्टर म्हणाले, "चालून दाखवा." नलू उठली, पदर सारखा केला आणि चारचौघांत चालते तशी, ओठ घट्ट मिटून, ताठ चालली.

"छान चालता की," डॉक्टर म्हणाले.

अपंगत्वाचे चाळीस टक्के भरले नाहीत तर सवलती नाहीत. मी घाईनं म्हणालो, "नलू, जरा वाईट चाल ना!"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग गुडघ्यावर हात टेकवून, वाकून, पाऊल फरफटत ती खोलीच्या टोकापर्यंत गेली. डॉक्टरांनी मान हलवली. मला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली.

स्वीडनला राहणारा माझा मित्र सांगत होता, तिथलं धोरण अपंगत्व नुसतं पायात शोधत नाही; माणूस आणि त्याच्या वाटेतले अडथळे, या दोहोंच्या मध्ये शोधतं. कुणाला जिना चढता आला नाही, तर आधी जिन्याकडे बघायचं. आपण मात्र माणसाला चालायला लावतो आणि त्याच्या अब्रूतून टक्के काढतो. हे सगळं मनातल्या मनात सरकारला ऐकवत मी बाहेर आलो.

बाकावर नलू गुडघा चोळत बसली होती. तिला हसवायला म्हणालो, "नाटक झकास केलंस."

"नाटक पहिल्यांदा चालले ते होतं, दादा," ती म्हणाली. "घरी तुम्ही कुणी नसलात की मी अशीच चालते."