गोवर्धनाखाली आम्ही चौघं

शिंपल्यात कालवलेला रंग वाळला की तळाला चिकटतो. कितीही धुवा, थोडा राहतोच. आमच्या क्लासचे किस्से तसेच आहेत. एक खरवडून काढावा, तर खाली दुसरा!

क्लास म्हणजे साताऱ्यातली गुरुजींची पुढची खोली. गुरुजी रिटायर्ड ड्रॉइंग मास्तर. पूर्वी राजेरजवाड्यांच्या दरबारातले चितारी वहीच्या पानाएवढी देवादिकांची चित्रं काढायचे, तशी ते शिकवतात. विद्यार्थी तीन : सुभेदार तात्या, फलटणहून एसटीनं येणाऱ्या शालनवहिनी आणि मी. मी जन्मभर ट्रक रंगवले. शाळा मी चौथीत सोडली. म्हणजे शाळेनंच मला सोडलं!

यंदा सांगलीच्या प्रदर्शनासाठी गोवर्धन घेतला. मोबाइलवर जुन्या चित्राचा फोटो मोठा करून करून आम्ही उतरवत होतो. दरबारात एका चित्राला चार हात लागायचे, तशी गुरुजींनी वाटणी केली. माणसं तात्यांना, गाई वहिनींना, कडेची वेलबुट्टी मला. कृष्णाचा डोळा सगळ्यात शेवटी, आणि तो उस्तादानंच उघडायचा.

उस्ताद म्हणजे गुरुजी. अन् गुरुजींचा हात वर्षभर कापत होता. "यंदा डोळा बिघडला, तर क्लास बंद," त्यांनी सांगून टाकलं होतं.

*

तात्यांना बारीक ब्रश पाहिजे होता. "पूर्वी खारीच्या शेपटीचे असायचे," गुरुजी म्हणाले.

झालं! दुपारी तात्या खुर्चीत घोरत होते. मी त्यांच्या मिशीचे आठ-दहा केस कात्रीनं उडवले, काडीला बांधले आणि जागं झाल्यावर हातात दिले. "अजिंक्यताऱ्यावरची खार हाय, तात्या!"

तात्या आठवडाभर खूश. "काय केस हाय गड्या! वाकत न्हाई, दबत न्हाई!"

"व्हय, खार मिलिटरीतली हाय."

आरशात त्यांनी कवा बघितलं कोण जाणे. तेव्हापासून माझ्यासमोर झोपत नाहीत. पण ब्रश काही टाकला नाही!

*

तात्यांनी गवळी काढले. गुरुजी चष्मा पुसपुसून बघत राहिले. सगळे एका मापाचे, तीन-तीनच्या रांगेत, आणि टोकाला पहाऱ्यावर एक संत्री!

"अहो तात्या, पाऊस कोसळतोय. ही माणसं घाबरलीत!"

"घाबरल्यात म्हणूनच लायनीत लावल्यात, सर!"

संत्री तेवढा पुसला. रांग अजून आहे.

*

गाईंनी माना वर करून देवाकडं बघायचं, असा रिवाज. वहिनींच्या गाई बघत होत्या. एक वासरू मात्र आईला लुचत होतं.

"वहिनी, देवानं डोंगर उचललाय आणि ह्याचं लक्ष कुठं?"

"आवं गुरुजी, पान्हा सुटल्यावर वासरू कुणाकडं बघत न्हाई. देव थांबंल की जरा!"

वासरू राहिलं.

*

माझी वेलबुट्टी बघून गुरुजी म्हणाले, "झकास. मागं 'हॉर्न द्या' लिहू नकोस, म्हणजे झालं."

मी पेन्सिलीनं लिहून मोकळा झालो होतो!

विषय बदलायला मी शंका काढली. "गुरुजी, देवानं करंगळीवर डोंगर पेललाय. मग हे गवळी खालनं काठ्या लावून का उभे?"

"त्यांना वाटतंय, आपणच धरलाय."

"मग कुणी सांगत का न्हाई त्यास्नी?"

"देवालाही गंमत वाटत असेल लेका. तुझ्यासारखीच!"

*

सोमवारी चित्र सांगलीला जायचं होतं. शनिवारी सकाळी गुरुजी डोळ्याला बसले. तात्यांचा तोच मिशीचा ब्रश मागून घेतला. टोक कागदाजवळ नेलं आणि हात कापायला लागला. मागं घेतला. पुन्हा नेला. पुन्हा तेच. आमच्या सहा महिन्यांच्या दुपारी त्या एका कागदावर होत्या.

तात्या उठले, त्यांनी गुरुजींचं कोपर धरलं. वहिनींनी मनगटाखाली रुमालाची घडी सरकवली. मी टेबल धरलं. टेबल हलत नव्हतं, पण आपलं काहीतरी धरावं! जन्मात पहिल्यांदा मला चेष्टा सुचेना.

गुरुजींनी आमच्याकडं एकेक करून बघितलं. मग चित्रातल्या गवळ्यांकडं. आणि असे हसले की खुर्ची करकरली.

"लेकांनो, काठ्या काढा."

आम्ही हात काढले. त्यांनी श्वास धरला. एक रेघ. एक ठिपका. कृष्ण टक्क बघायला लागला.

गुरुजींनी ब्रश तात्यांच्या हातात परत दिला.

"बघा रं, पडला का डोंगर?"