हाय का?

मला कारखान्यात घेतलं ते माझे हात बघून, शिक्षण बघून नव्हे. पिंपरीच्या माळावरचा कारखाना नवा होता, साहेबाला क्रिकेटचं वेड होतं आणि मी बऱ्यापैकी यष्टिरक्षक. पगार गोदामातला, काम यष्टीमागचं. काही वर्षं मजेत गेली. मग एकेक करत बोटं वाकडी झाली, झेल सुटायला लागले आणि साहेबाने मला संघाचा मॅनेजर केलं. सगळ्यांनी पेढे मागितले. मला मात्र जिवंतपणी फोटोला हार घातल्यासारखं वाटलं.

माझ्या जागी दुरुस्ती खात्यातला एक मेकॅनिक आला. पिंपरीतलाच मुसलमान, तरणाबांड, मला भाऊ म्हणायचा. पहिलाच सामना मारुंजी गावात, तिथल्या संघाशी होता. मी बाहेर बसलो होतो, आणि खोटं कशाला सांगू, त्याच्या हातून झेल सुटावा म्हणून देव पाण्यात घालून बसलो होतो. त्याशिवाय माझी जागा मला परत मिळणार कशी? पण हा पठ्ठ्या काही सोडेचना.

मारुंजीची शेवटची जोडी खेळत होती आणि त्यांना दोन-चार धावाच हव्या होत्या. चेंडू बॅटीला चाटून गेल्यासारखा वाटला. याने तो टिपला आणि ओरडला, "हाय का?" इंग्रजी अपील आमच्या लोकांच्या तोंडी कधी बसलंच नाही. बाद आहे का, एवढंच ते विचारायचे. पंच म्हणून गावातलेच एक म्हातारे उभे होते. ते शांतपणे म्हणाले, "हाय."

आम्ही नाचायला लागलो. फलंदाज बिचारा बॅट काखेत मारून चालू लागला. म्हातारे वैतागले.

"आरं, खेळात हाय म्हनलो मी. आउट न्हाई."

फलंदाज रेषेबाहेर, चेंडू याच्या हातात. दांड्या उडवल्या की सामना आमचा. सगळे 'उडव, उडव' म्हणत होते. त्याच्या जागी मी असतो तर कुणाला विचारलंही नसतं. त्याने मात्र हात आवरला आणि माझ्याकडे पाहिलं.

"मॅनेजर, काय करू?"

मला एकदम भरून आलं. मी म्हणालो, "बोलाव त्याला माघारी."

फलंदाज माघारी आला आणि पुढच्याच चेंडूवर चौकार मारून त्याने आम्हाला हरवलं. वर म्हातारे आम्हाला जेवल्याशिवाय सोडेनात.

दुसऱ्या दिवशी साहेब भडकलेला. पुढच्या रविवारी यष्टीमागे तूच उभा राहा, म्हणाला. हेच ऐकायला मी आसुसलो होतो.

"नाही साहेब," मी म्हणालो, "तिथे तोच राहील."