हळदीत रंगवलेल्या बंड्या

किसन गेल्याचं मला सांगलीच्या हळदीच्या पेठेत कळलं. तिथं मी एका अडत्याकडे कारकुनी करतो. त्या सकाळी गावाकडचा एक जण पोती उतरवून घेत होता, त्याला मी सहज विचारलं, काय म्हणतोय गाव? तो पोत्यावरचा हात न काढता म्हणाला, "बरं हाय की. फौजी गेला तेवढा." आमच्या गावात फौजींना काय तोटा, घराआड एक आहे. कोणता फौजी ते मला उमजेना. खरं म्हणजे उमजून घ्यायचं नव्हतं. "आवं, तुमचा किसन न्हवं का. कुनी कळवलं न्हाई व्हय तुमाला? सावडनं बी झालं." मी काटा तसाच सोडून दुकानाच्या पायरीवर बसलो. मालकांनी पाणी आणून दिलं. आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो किसनच्या पेटीचा... हे लिहितानाही चमत्कारिक वाटतं. पण त्याला ओळखणाऱ्या कुणालाही ते तसं वाटायचं नाही.

आमचं गाव कृष्णाकाठचं, कुंडलपासून फारसं लांब नाही. आम्ही विशीत असताना खालच्या आळीचा हुतूतूचा संघ होता. आता त्याला सगळे कबड्डी म्हणतात. रामू आमचा कप्तान, किसन डाव्या कोपऱ्याला, आणि मी चढाईला गेलो की हमखास बाद होऊन येणारा. बाकीच्या संघांना दुकानातून आणलेल्या रंगीत बंड्या असायच्या. आमच्याकडे ते जमण्यासारखं नव्हतं, पण हळद घरची होती. किसनच्या आईनं मोठ्या पातेल्यात हळद उकळली आणि आमच्या पांढऱ्या बंड्या त्यात बुडवल्या. इस्लामपूरला पहिल्यांदा त्या घालून उतरलो तेव्हा लोक हसून लोळायचे बाकी राहिले. "नवरदेव आले रं, वऱ्हाड कुटं ऱ्हायलं?" असं कुणीतरी ओरडलं. रामू पुढं झाला. पहिल्याच चढाईत समोरच्या अख्ख्या संघाला अंगावर घेऊन तो मध्यरेषेपर्यंत सरपटत आला. त्याची बंडी उजव्या खांद्यावर टर्रकन फाटली, पण रेषेला हात लागला. हळद उन्हात टिकत नाही, धुतली की उतरते. म्हणून दर सामन्याच्या आदल्या दिवशी पातेलं पुन्हा चुलीवर चढायचं. संघाचा एक फोटो काढून घ्यायचं आमचं फार दिवस चाललं होतं. ते राहिलंच.

पुढं किसन पलटणीत गेला, मी सांगलीला आलो, संघ आपोआप मोडला. किसन पेन्शनवर परत आला तेव्हा आम्ही दोघंही चाळिशीत होतो. येताना त्यानं डोक्यात एक खूळ आणलं होतं. त्यांच्या पलटणीच्या मुख्य ठिकाणी म्हणे एक मोठी खोली होती. जुन्या हॉकीच्या काठ्या, फुटबॉल खेळणाऱ्यांचे सदरे, ढाली, पेले, सगळं काचेच्या कपाटात मांडलेलं. एक शिपाई रोज ते पुसायचा. "गड्या, त्यातली निम्मी मानसं लढाईत गेलेली," तो मला म्हणाला. "पन सदरा हाय. खाली नाव हाय. आपल्या रामूचं काय हाय?" मी म्हणालो, "रामूची बायको आहे, दोन पोरी आहेत." तो म्हणाला, "तसं न्हाई रं." रामू तेव्हा नुकताच गेला होता, उसाला पाणी पाजताना पान लागून, म्हणजे साप चावून.

किसननं जमवायला सुरुवात केली ती गावापासून. एकदा जिंकलेली लाकडी ढाल त्याला खालच्या आळीतच एका घरात घागरीवर झाकण म्हणून ठेवलेली सापडली. ती बाई काही ऐकेना. "मग घागरीवर काय ठिवू? तुमची टोपी?" किसननं कुंडलच्या बाजारातून पितळी झाकणी आणून दिली, तेव्हा ढाल सुटली. संघातल्या एकेका गड्याच्या घरी तो जायचा, चहा प्यायचा, गप्पा मारायचा आणि निघताना बंडीचा विषय काढायचा. कुणी तिची पोतेरी केली होती, कुणी पोराचं लंगोट. तरी त्यानं चिकाटी सोडली नाही. खंडाळ्याला आम्ही ज्यांच्याशी एकदा हरलो होतो त्यांच्याही कप्तानाची बंडी तो एसटीनं जाऊन घेऊन आला. मी म्हटलं, हरवणाऱ्याची कशाला? तर म्हणे, "आपन कुनाशी हरलो ते बी कळाय पायजे." माझी बंडी मी मुकाट्यानं देऊन टाकली. घरात ती कोणत्या ट्रंकेच्या तळाशी होती ते माझ्या बायकोनंच शोधून दिलं आणि वर म्हणाली, एक तरी माणूस तुमच्या खेळाची किंमत करतोय.

सगळ्यात अवघड होती रामूची बंडी. आमच्याकडे गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवत नाहीत, राखेबरोबर नदीला सोडतात. रामूचे तसे सोडले होते. किसन रामूच्या घरी नुसता भेटायला म्हणून गेला, मी बरोबर होतो. हौसावहिनींनी, म्हणजे रामूच्या बायकोनं, सगळं ऐकून घेतलं. मग आत गेल्या आणि दाण्यांच्या कणगीतून एक पुरचुंडी काढून आणली. उजव्या खांद्यावर फाटलेली, आता हळदीचा मागमूस नसलेली, पिवळट पांढरी बंडी. "समदी दिली नदीला, भावजी. हीच दडवली. सासूला बी ठाव न्हाई." त्या ती किसनच्या हातात देत होत्या पण बोटं सोडत नव्हत्या. "तुमी काचंत ठिवनार म्हनता तर न्या. पन नदीला दिऊ नका." किसन म्हणाला, "न्हाई देनार, वैनी." एवढंच.

हे सगळं त्याच्या फौजेतल्या काळ्या पेटीत राहायचं. पेटीवर पांढऱ्या रंगात त्याचं नाव होतं. पेटीत कडुलिंबाचा पाला, दर दोन महिन्यांनी बदललेला. पारूवहिनींना, त्याच्या बायकोला, मेलेल्या माणसांचे कपडे घरात नको होते. त्यांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. म्हणून पेटी गोठ्याच्या माळ्यावर गेली. मी गावी गेलो की किसन ती खाली उतरवायचा आणि एकेक बंडी काढून मांडीवर पसरायचा. बंड्या आता सगळ्या सारख्याच दिसायच्या, जुनेर. पण त्याला प्रत्येकीचं ठाऊक होतं. ही कोपऱ्यात उसवलेली कुणाची, हिच्यावर रक्ताचा डाग कुठल्या सामन्यातला. लिहून ठेव म्हटलं की हसायचा. "खोली झाली की पाट्या लावू. तवा लिहू."

ती खोली म्हणजे आमच्या तालमीची मागची खोली. तिथं एक काचेचं कपाट, एवढंच त्याला हवं होतं. सरपंच दर वेळी हो म्हणायचे. दुष्काळ पडला तेव्हा म्हणाले, "किसन, मानसं खडी फोडत्यात, आन् तू बंड्या टांगाय निगालास?" किसनला ते पटलं. तोही खडी फोडायला गेला. दुष्काळ सरला, उपसा पाणी आलं, ऊस वाढला आणि तालमीच्या त्या खोलीत खताची पोती आली. पोरं आता तालमीत फिरकतही नव्हती. ढाल किसननं मोठ्या हौसेनं तिथं भिंतीला लावली होती. ओल लागू नये म्हणून कुणीतरी ती काढून पोत्यांखाली घातली. अजून तिथंच असेल. मी चिडलो, भांडायला निघालो. किसननं माझा दंड धरला. "ऱ्हाऊ दे गड्या. खत बी लागतंय." शेवटच्या भेटीत त्याला धाप लागत होती. गोठ्यात जाऊन पेटी उतरवायची ताकद नव्हती, तेव्हा त्यानं मला वर चढून पाला बदलायला लावला आणि स्वतः खाली खाटेवर बसून विचारत राहिला, रामूची वरच हाय का? घडी नीट हाय का?

बातमी कळल्यावर मी मिळेल त्या एसटीनं गावी गेलो. किसनला मूलबाळ नव्हतं, सगळं थोरल्या भावानं केलं होतं. दादा म्हणजे भला माणूस. आयुष्यभर कुणाचं वाईट केलं नाही, कुठल्या कर्तव्यात कसूर केली नाही. मला पाहून त्यांना रडू आलं. मग सावरून सांगू लागले, शेवट कसा झाला, कोण कोण आलं होतं. "मागं काय बी ठिवलं न्हाई, दिनकर. माळ्यावर एक पेटी व्हती, तेच्या नावाची. कापडं व्हती तेच्यात, जुनी. त्यो गरिबीतनं वर आला, जुनं टाकवत नव्हतं तेला. समदी नदीला सोडली. येक बी चिंधी ठिवली न्हाई." ते माझ्याकडे पाहत होते. इतकं नीट केलं हे कुणीतरी म्हणावं एवढीच त्यांची अपेक्षा होती. आणि मी म्हणालो, "चांगलं केलंत, दादा." दुसरं काय म्हणणार होतो? पारूवहिनी चुलीपाशी बसल्या होत्या, त्यांनी मान वर केली नाही. त्यांना ठाऊक होतं. पण कुंकू पुसलेल्या बाईनं त्या दिवसांत थोरल्या दिराला अडवायचं कसं?

मी उठून अंगणात आलो. त्या पेटीत माझीही बंडी होती. जिवंतपणीच मी नदीला गेलो, हे मनात आलं आणि हसूच आलं. किसन असता तर त्यानं यावर आठवडाभर चेष्टा केली असती. मग हसू विरलं. नदीला गेलेलं परत येत नाही. आणि बंड्या आल्या तरी त्या ओळखणार कोण? कुठली कुणाची ते ज्याला सांगता येत होतं तो आधीच गेला होता.

निघताना वेशीपाशी हौसावहिनी उभ्या होत्या. पदर ओढून त्यांनी विचारलं, "भावजी, पेटीतलं हाय न्हवं?" मी म्हणालो, "हाय." त्यांनी मान हलवली आणि माघारी वळल्या. विश्वास बसला की नाही ते मला कळलं नाही.

दादांनी रिकामी पेटी मलाच देऊ केली होती. तुझा लय जीव व्हता, म्हणाले, तुझ्याकडं ऱ्हाऊ दे. एसटीच्या टपावर टाकून ती मी सांगलीला आणली. आता ती आमच्या खाटेखाली आहे. तळाला कडुलिंबाचा थोडा चुरा होता, कोपऱ्यात किंचित हळदीसारखा वास... की माझ्याच हातांना येत होता, पेठेत काम करणाऱ्याला ते सांगता येत नाही. परवा बायकोनं चाचरत विचारलं, रजया ठेवू का त्यात? मी ठेव म्हणालो. रिकामी ठेवून तरी कुणाची वाट पाहायची?

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. आमच्या गावावरून वाहणारं पाणी पुढं सांगलीच्या घाटावरूनच जातं. मी रोज सकाळी तिथं अंघोळीला असतो. किसन गेला त्या दिवसांतही होतो. नदीतून कुणाकुणाचे कपडे वाहत येतात. कुणी त्यांना हात लावत नाही, दिसले की तोंड फिरवायचं, हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. त्या आठवड्यातही काहीतरी पिवळट पांढरं पायरीला लागून पुढं गेलं होतं. मी तोंड फिरवलं होतं. आता फिरवत नाही. अंघोळ झाली तरी पाण्याकडे बघत उभा राहतो, आणि पाण्यावर नुसतं पाणीच असतं.